तेलाचा दिवा

आई, तुझी गाडी मी उघडली. तू गेल्यावर कुरखेड्याच्या घरामागून ट्रकवर घालून ती इथे ऊर्जानगरला आणली, क्वार्टरशेजारच्या शेडमध्ये ठेवली आणि इंजिन पार सुटं करून पुन्हा बांधलं. क्रँक, म्हणजे सगळं इंजिन ज्याच्यावर फिरतं तो दांडा, लेथवाल्या भाऊंनी शेवटच्या मापापर्यंत घासून दिला. देताना म्हणाले, "सर, आता याच्यात घासाले काही उरलं नाई. पुन्हा खराब झाला त बोनेट काढून तुळस लावजा." आम्ही दोघंही हसलो. पण या गाडीचा दुसरा क्रँक आता कुठेही मिळत नाही. त्यामुळे सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली ती जपूनच. इंजिन लागलं. तेलाचा दाब पडला की पेटणारा दिवा विझला, विझलेलाच राहिला. मग पाणी तापलं, आवाज सैल झाला, आणि डॅशबोर्डवरचा तो लाल ठिपका एकदा लुकलुकला, पुन्हा लुकलुकला. मी किल्ली बंद केली.

तू त्याला तेलाचा दिवा म्हणायचीस. बाबा तुला चिडवायचे, "देवापुढचा तेलाचा दिवा विझला की अपशकुन, तुझा पेटला की अपशकुन." एटापल्लीहून परतताना तो पेटला तो दिवस मला अजून दिसतो. दोन्ही बाजूंना साग, पुढेमागे एकही गाडी नाही, आणि तू नर्सच्या पांढऱ्या साडीतच गाडी रस्त्याच्या कडेला घेतेस. मी मागून कुरकुरतो, की गाव आता जवळ आहे, हळूहळू चालव ना. तू वळून बघतेस. "काऊन चालवू? दिवा लागला ना? गाडी सांगून राह्यली का माह्या अंगात तेल फिरून नाई राह्यलं. बोलनाऱ्याचं आयकाव का त्याले तंग कराव?" त्या उन्हात आपण ट्रक येईपर्यंत बसून राहिलो. मी पूर्ण वेळ रुसलेला होतो. तिथे तू थांबली नसतीस, तर आज घासायलाही क्रँक उरला नसता.

म्हणून मीही थांबलो. आमच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या तेलाचा दाब पडला की यंत्र आपोआप बंद होतं, कुणाला विचारत नाही. इथे बंद करायचं की नाही ते मलाच ठरवायचं होतं. इंजिनावरचं जे बटण दिवा पेटवतं त्याच्या जागी फाटा काढून मी बटणाशेजारी दाब दाखवणारं काट्याचं मीटरही लावलं. मला मनातून काय हवं होतं ते लिहून ठेवतो. दिवा खोटा निघावा, तारेचा दोष असावा, एवढंच हवं होतं. काटा खाली आला तेव्हा मी मान तिरपी करून पाहिलं, जणू तिकडून तो वर दिसला असता. दिवा खरं बोलत होता. इंजिन थंड असताना दाब भरपूर, तापलं की पडतो. भाऊ आले, त्यांनी इंजिनाला कान लावला. "बेअरिंग ढिले बसले असतीन, सर. खोला लागीन." खोलायचं म्हणजे क्रँक पुन्हा बाहेर, आणि माप चुकलं असेल तर सगळं संपलं. मी म्हटलं, एकदा तापवून बघू, मग खोलू. "तापवता तापवता जाळसान," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. तरी मी एकदा, अगदी थोडं, सुरू केलं.

आणि तेव्हा वास आला. जळक्या मोबिल ऑइलचा नव्हे. कडवट, घशाला लागणारा, ओळखीचा. मी शेडमध्ये उभा आहे आणि मला आपलं कुरखेड्याचं स्वयंपाकघर दिसतं आहे, चुलीवरची कढई, तू टोळीच्या तेलात वडे सोडते आहेस आणि मी नाक दाबून दारात. मोहाच्या बियांचं ते तेल थंडीत बाटलीत गोठायचं, मग तू बाटली चुलीशेजारी ठेवायचीस. इंजिनात त्याचा वास कुठून, असा प्रश्न मला पडायला नको होता. त्या दिवसापासून गाडी घरामागे बंदच होती, तरी दर दसऱ्याला तिची पूजा झाली की तू प्लग काढून आत तेच तेल ओतायचीस. "जंग नाई लागत. माह्या बापाच्या कुऱ्हाडीले हेच लावत." मग मला हँडल मारायला लावायचीस, आतलं सगळं फिरतं राहावं म्हणून. ते तेल झिरपून खाली गेलं, आणि माझ्याच हँडलनं फिरलेल्या पंपानं ते नळ्यांमध्ये चढवलं.

इंजिनाचा ब्लॉक मी डिझेलनं धुतला होता. फक्त जास्तीचा दाब सोडून देणारी छोटी झडप जिथे बसते तिथला नट सुटला नव्हता, आणि नंतर बघू म्हणून मी तो तसाच सोडला होता. आज तो तापवून सोडवला. आत मधासारखा पिवळा चिकटा. थंड असताना तो घट्ट बसून असायचा, तापला की मऊ होऊन झडपेखाली सरकायचा आणि तिला उघडीच धरायचा. दाब तिथूनच निसटत होता. बेअरिंग ठीक होती.

सगळं पुसून, धुऊन, नवं तेल घालून दुपारी पुन्हा किल्ली फिरवली. पाणी तापलं. भाऊ मीटरकडे बघत होते, मी दिव्याकडे. पंखा फिरत राहिला. काटा थोडा उतरला आणि तिथेच थांबला. दिवा काळाच राहिला. "जमलं जी, सर!" भाऊंनी माझ्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की मी बोनेटवर आपटलो.

मग त्यांनी विचारलं, तो पिवळा गू कायचा होता. त्यानंच क्रँक जाळला असता, हे मला ठाऊक होतं. त्यानंच इतक्या वर्षांत सिलेंडरला गंज चढू दिला नाही, हेही ठाऊक होतं. खरं सांगायचं तर दोन्ही सांगायला हवं होतं. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून इथे लिहितो. भाऊंना मी म्हटलं, जुना गाळ असेल. आणि सिलेंडरला गंज नव्हता, हे मात्र त्यांना दोनदा सांगितलं.