मत न्हाई, पण चहा पाजला

बुधवार, दिवेलागण

आधी आल्ती सुनंदा, मागून बापूराव. दोघंबी शाळेच्या समितीला उभे, अन् मत मागून राह्यले मला! अरे, मत पोरांच्या आई-बापाचं, मी तर आजी. तरी दोघांला एकाच पातेल्यातला चहा पाजला.

बापूराव म्हणले, "काकू, शाळेत मोठा टीव्ही लावतो."

"लावा, पण पाहील कोण? दसरा झाला की अर्धी पोरं आई-बापासंगं ऊसतोडीला जातेत. आमची परीबी. मी दिवसभर रानात, घरी तिला जेवायला कोण घालील, म्हणून लेक नेतो."

सुनंदा म्हणली, "म्हणून तर म्हणते काकू, त्या पोरांचं दोन टायमाचं जेवण शाळेतच करू. झोपायला आजीपाशी."

बापूरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मंग म्हणले, "टीव्हीच्या आधी हेच पाहिजे, बराबर हाय."

लई बरं वाटलं. विरोधातला माणूस, तरी...

परी दाराआडून म्हणते, "आजी, मंग मी यंदा इथंच?" काय सांगू? लेक माझं एकटीचं ऐकतो कुठं? तसं बोलून दाखवलं.

दोघं उठता उठता म्हणले, रविवारी तो घरी असतो ना, तवा आम्ही संगंच येतो.