वाटाण्याची बंदूक

१४ सप्टेंबर
युद्ध जाहीर. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून सांगितलं, की पंढरीनाथांच्या छातीत शिट्ट्या वाजतायत त्या वयाच्या नव्हेत, कबुतरांच्या घाणीच्या आहेत. घाण वाळते, धूळ होते, फुप्फुसात जाते. असंच चालू राहिलं तर घरात ऑक्सिजनचं मशीन येईल. बाल्कनीला जाळी लावा, नाहीतर कबुतरं बंद करा. तोवर पेशंटने बाल्कनीत पाऊल ठेवायचं नाही.
पंढरीनाथ गिरगाव सोडून मीरा रोडला आले ते त्या बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीसाठी. चहा, शब्दकोडं आणि ती खुर्ची, एवढाच नवऱ्याचा संसार. आता बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून बसतात. तक्रार करत नाहीत. त्याचाच जास्त संताप येतो.
जाळी लावणार नाही. मी नोकरीभर बँकेत कॅश काउंटरच्या जाळीआड बसले. रिटायर झाले त्या दिवशी शपथ घेतली, पुन्हा नाही. पिंजऱ्यात कबुतरांनी बसावं. किंवा कढईत.
दिवाळीच्या पाडव्याला पंढरीनाथांचा चहा बाल्कनीत. लिहून ठेवतेय.

१६ सप्टेंबर
शत्रूला रसद पुरवणाऱ्या हंसाबेन, बरोबर आमच्या डोक्यावर, चौथा मजला. रोज सकाळी खिडकीच्या पत्र्यावर ज्वारी. वर जाऊन झापून आले. म्हणाल्या, अबोल जीव छे बहेन, इनको कौन देखेगा? मी म्हटलं, यमराज. तरी त्यांनी दार आपटलं नाही. पाणी आणलं, भाईसाब की खाँसी कैसी है म्हणून विचारलं. पक्की लबाड बाई.

१९ सप्टेंबर
बंदूक करायची. स्वतः. सामान केबिन रोडच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. दुकानदाराने विचारलं, आंटी, नल का काम है क्या? मी म्हटलं, कत्ल का. त्याने पाइपवर डिस्काउंट दिला.
यूट्यूबवर अमेरिकेतला एक दाढीवाला घरी बनवलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलचे आजार समजावतो. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटायला हवी आणि पुढची आपोआप जागेवर यायला हवी. या चक्राला ते लोक सायकल म्हणतात. सायकल अडली की रायफलची काठी होते. त्याच्या रायफलीत काडतुसं, माझ्यात सफेद वाटाणे. आजार तेच. माणसाचं ग्रामर भयंकर, पण विषय पक्का.
नाव ठेवलं सिस्टर इग्नेशिया. कॉन्व्हेंटमध्ये त्या फळ्याकडे तोंड करून लिहीत असत आणि खडू मागच्या बाकावर बोलणाऱ्या मुलीच्या कपाळावर बसत असे. माझ्या कपाळाला विचारा.

२३ सप्टेंबर
पहिली चाचणी. पहिला वाटाणा सुटला. कबुतर उडालं! दुसरा आलाच नाही. का येत नाही म्हणून नळीत डोकावले. तेव्हा आला.
डावी भुवई फुटली. गाऊनवर रक्त. पंढरीनाथ बर्फ घेऊन आले आणि त्यांना हसू फुटलं. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने ओठ निळे पडले. मी त्यांची पाठ चोळत बसले. एका हाताने बर्फ, एका हाताने नवरा.
आता नुसतं हाकलायचं नाही. एकेकाची मान मुरगाळायची.

२६ सप्टेंबर
निदान झालं. फेल्युअर टू फीड, म्हणजे पुढची गोळी जागेवर न येणं. दमट हवेने वाटाणे फुगलेत, म्हणून अडकतात. कढईत मंद आचेवर भाजून घेतले. घरभर वास. पंढरीनाथांनी विचारलं, थोडे मीठ लावून देतेस का? दारूगोळा आहे, म्हटलं.

२९ सप्टेंबर
भाजलेले वाटाणे फुटतात. दोन अर्धुकं एकदम नळीत शिरतात. दाढीवाला याला डबल फीड म्हणतो. बसून सुपात निवडले, चाळणीने एका मापाचे केले. आमच्या आईने माझ्या हातात सूप दिलं तेव्हा मी म्हटलं होतं, मला हे कधी लागणार नाही.
फुटके, किडके सगळे रागाने कठड्यावर भिरकावले. कबुतरांनी ओळखलं असेल कोणाशी गाठ आहे.

२ ऑक्टोबर
गांधी जयंती. गोळीबार बंद. फक्त वाटाण्यांना खोबरेल चोळलं, घसरायला बरं.

५ ऑक्टोबर
तेलाने फरक पडला. चार वाटाणे सलग सुटले, पाचवा जोरात. इतका जोरात, की खाली सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, भूपेशच्या, गालावर बसला. सुपारीएवढा गोळा घेऊन वर आला. म्हणाला, मॅडम, वय बघून गप्प बसतोय, नायतर पोलिसात गेलो असतो. डोळा गेला असता तर तुम्ही देणार होता का तुमचा? मी म्हटलं, युद्धक्षेत्रात उभं राहून फोनवर बोलू नये. म्हणाला, हे व्हिजिटर्स पार्किंग आहे.
एक गोष्ट लक्षात आली. कबुतरं वाढलीत. शेजारच्या सेक्टरमधूनही येतायत बहुतेक. घाबरलेला शत्रू कुमक मागवतो, ते हेच.

११ ऑक्टोबर
पंढरीनाथांना वाफारा, पंप, दोन्ही चालू. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसले. पायरीवर, चपलांच्या स्टँडला टेकून. मला म्हणाले, तू हो पुढे.
डॉक्टरांनी विचारलं, जाळी लावली का? मी म्हटलं, त्याहून मूलगामी उपाय चालू आहे. त्यांनी पंढरीनाथांकडे पाहिलं. पंढरीनाथांनी छताकडे.
घरी आल्यावर धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, अगं, ही कबुतरं जाड झाल्यासारखी वाटत नाहीत का? मी म्हटलं, सूज आहे. मार बसल्याची.
मी रागाने सिस्टर इग्नेशियाची स्प्रिंग बदलायला गेले. अंगठ्याचं नख काळंनिळं.

१८ ऑक्टोबर
सोसायटीची मीटिंग. उभी राहिले आणि सगळ्यांसमोर हंसाबेनला खुनी म्हटलं. मुठी मुठी ज्वारी ओतून माझ्या नवऱ्याचा जीव घेताय, हे ह्याच शब्दांत. खुर्ची ढकलली ती भूपेशच्या पायावर. चुकून.
हंसाबेन रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, बहेन, तुम्ही वर येऊन गेलात ना, त्या दिवसापासून मी दाणा बंद केला. भाईसाब की खाँसी सुनाई देती है ऊपर तक. माझ्याकडे आता एक कबूतर येत नाही. सब आपके वहाँ जाते हैं. मैंने सोचा, बहेन का मन बदल गया, इतना अच्छा दाना, भूनके, तेल लगाके.
कोणीतरी हसलं. मग सगळेच. भूपेश गाल धरून हसला.
साफ खोटं आहे हे. बाईने दिशाभूल केली. घरी आल्यावर पंढरीनाथांनी शब्दकोडं तोंडासमोर धरलं. त्यांना माहीत होतं की काय?

१९ ऑक्टोबर
हंसाबेनचं खोटं उघडं पाडायचं म्हणून सकाळी बाल्कनीत ठाण मांडलं. सिस्टर इग्नेशियाची सायकल आज जन्मात पहिल्यांदा बिनअडथळा चालली. चाप, वाटाणा, चाप, वाटाणा. अडकणं नाही, फुटणं नाही. दाढीवाल्याने येऊन बघावं.
समोरचं जाडं कबुतर उडालं नाही. पुढे सरकलं. वाटाणा छातीवर आपटून खाली पडला, तो उचलला, गिळला आणि नळीकडे बघत उभं राहिलं. बाकीची त्याच्या मागे.
एकाने तर उडता वाटाणा झेलला.
आत खोकला चालू होता. बराच वेळ. मी बंदूक खाली ठेवली आणि जाळीवाल्याला फोन लावला. दिवाळीत येत नाही म्हणाला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. उद्या येतोय.

२२ ऑक्टोबर, पाडवा
पंढरीनाथ खुर्चीत. पहाटेच आंघोळ करून बसलेत. बाल्कनी डेटॉलने तीनदा धुतली, मी, गुडघ्यांवर बसून. जाळी लागली आहे. ओवाळलं. चहा दिला. आडवा शब्द तिसरा अडला तेव्हा मला विचारलं. खोकला एकदाच, तोही चहा गरम म्हणून. ओवाळणीत काय हवं विचारलं. मी म्हटलं, शब्दकोडं सोडवा.
हंसाबेन फराळ घेऊन आल्या. मठिया ठेवून घेतल्या. बोलले नाही. चांगल्या होत्या.
मी शेजारी स्टूल घेऊन बसले. हाताला सवय. रिकाम्या सिस्टर इग्नेशियाचा चाप ओढला. खट्.
पाइपवरून, पत्र्यांवरून, समोरच्या बिल्डिंगवरून सगळी आली. जाळीला चोची लावून ओळीत उभी राहिली. बाहेर रांग, आत मी. पुढच्या जाड्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, पासबुक हातात धरून आलेल्या पेन्शनरसारखं.
तोंडातून आपोआप निघालं, काउंटर बंद झालंय.
कोणी हललं नाही. पेन्शनरही हलत नसत.