पाण्यात टिकणारा काळा

नाशिक,
१२ जून २००५

ती. संजनाताईस,
सप्रेम जयभीम.

सोबत आईचा फोटो पाठवतोय. अण्णांनी स्टुडिओच्या डार्करूममध्ये जन्म काढला, जगाचे फोटो धुतले, आणि घरात आईचा हा एकच. निगेटिव्हला बुरशी लागली होती, म्हणून कॉम्प्युटरवर घेऊन माझ्या दुकानातल्या प्रिंटरवर छापला.

काळापांढरा छापणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. रंगीत शायांतून काळा काढला तर आई खिडकीपाशी हिरवट दिसायची आणि ट्यूबलाइटखाली जांभळट. नुसत्या काळ्या शाईनं छापला तर गालावर रवा सांडल्यासारखे ठिपके. शेवटी चकचकीत कागदावर बरा उतरला.

डॉक्टर म्हणतात, काचबिंदू पुढे सरकतोय. अण्णांची नजर आहे तोवर त्यांनी आईला डोळे भरून बघावं, एवढंच मनात आहे. चुका काढतीलच, त्या कळव. तुझ्या शाळेतल्या पोरांना माझ्या वाटचाही एखादा धपाटा दे.

माझ्यावरची माया अशीच राहू दे.
तुझा,
अश्विन


पेठ,
२० जून २००५

चि. अश्विनास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. फोटो आल्यावर अण्णा खूश झाले. डोळ्याशी धरून बघत होते, पण चकाकी मधे येते म्हणाले. मग मी शाळेत गेले. माझ्या मागे त्यांनी कागदाला बोट लावून पाहिलं, तो चिकट लागला. फोटोची धुलाई कच्ची राहिली, पोराला लय घाई, असं त्यांना वाटलं. परातीत पाणी घेऊन त्यांनी फोटो बुडवून ठेवला, स्टुडिओत आयुष्यभर ठेवत आले तसा.

मी आले तेव्हा पाणी जांभळं झालं होतं. आईचे डोळे, कपाळ, काही उरलं नव्हतं. अण्णा परातीजवळ बसून होते. मीच माझ्या हातानं तिला पुसली, एवढंच म्हणाले. दोन दिवस जेवले नाहीत. दुसरा मागवते म्हटलं तर नको म्हणतात, तीबी जाईल.

हा फोटो मशीनवर छापलाय, पाण्यातून आलेला नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं रे. तुला दोष देत नाही, ही शाई पाण्यात जाते हे मलाही कुठं ठाऊक होतं. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई


नाशिक,
९ जुलै २००५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि दुकानाचं शटर ओढून रडलो.

आता शाई बदलली आहे. आधीची पाण्यात विरघळणारी होती. ही काजळीसारख्या बारीक भुकटीची, कागदावर बसली की उठत नाही. काळ्याच्या जोडीला दोन करड्या आहेत, त्यामुळे ठिपके नाहीत आणि हिरवट झाकही नाही. कागदानं मात्र छळलं. चकचकीतवर ही शाई बोटाला येते. साधा कागद शाई पिऊन टाकतो, आईचे काळेभोर केस राखेसारखे होतात. शेवटी मुंबईहून जाड सुती कागद मागवला. त्याला चकाकी नाही, अण्णांना त्रास होणार नाही.

प्रत्येक कागदावर आईचा फक्त कान छापला, बुगडीसकट, आणि बादलीत बुडवला. दुकानात दोरीवर आईचे कान वाळताहेत. तिनं पाहिलं असतं तर मला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

जो कागद टिकला, त्यावर अख्खा फोटो छापून पाठवतोय. अण्णांना तो धुऊ दे, अडवू नकोस. स्वतः धुतल्याशिवाय त्यांचा विश्वास बसायचा नाही. ओला असताना चेहऱ्यावर हात तेवढा नको.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझा,
अश्विन


पेठ,
२४ जुलै २००५

चि. अश्विनास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. पण उशीर झाला रे. गेल्या आठवड्यापासून अण्णांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तुला सांगायचा धीर झाला नाही.

अश्विननं धुवायला सांगितलाय म्हटल्यावर त्यांनी हात मागे घेतले. मीच परात आणून पुढ्यात ठेवली. बऱ्याच वेळानं त्यांनी फोटो पाण्यात सोडला, परात हळूहळू हलवली, पाणी बदललं. चेहऱ्यावर हात नको असं सांगायला गेले तर म्हणाले, मला शिकवतेस का, ओल्या फोटोच्या कडाच धरायच्या असतात. घरभर तिला चाचपडत फिरणारा माणूस, आणि ती समोर आली तर फक्त कोपऱ्यांना हात लावला.

मग पाणी कसं आहे ते मला बघायला सांगितलं. नितळ आहे म्हटलं. पुन्हा बघ म्हणाले. पुन्हा बघितलं. आई तशीच होती, बुगडीसकट. तसं सांगितलं, तेव्हा म्हणाले, मग ऱ्हायली ती. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

फोटो दोरीला लावलाय. कधीच वाळला, पण काढू देत नाहीत. सवड काढून ये, आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी,
ताई