पोचूचं पाणी

रविवार, १४ जुलै १९५७

प्रिय त्र्यंबक,

मंगळवार, ९ जुलै, सकाळचे साडेअकरा. तुझ्या दवाखान्याच्या ओट्यावर आमच्या वस्तीतली गोकुळा दीड वर्षाच्या पोचूला मांडीवर घेऊन बसली होती. ती सांगते, तू दारातूनच विचारलंस, किती जुलाब झाले, आणि दारातूनच सांगितलंस, पोटाला विश्रांती द्या, पाणी बंद. पोराला हात लावला नाहीस. त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली असतीस तर ती तशीच उभी राहिली असती, आणि त्याला काय हवं होतं ते तुला कळलं असतं.

मी थकले आहे रे. जन्मभर नर्सचं काम केलं. पेन्शन घेऊन या तलावाकाठी आले ती कोंबड्या पाळायला, भांडायला नाही. पण पाऊस लागला की गावची सगळी घाण वाहत तलावात येते, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरी तेच पाणी पितात, आणि लहान पोरांना हगवण लागते. मी पाणी उकळायला लावते. बायका उकळतात, आणि गार व्हावं म्हणून त्यात तलावाचंच तांब्याभर ओततात. ओरडले की सुगंधाबाई म्हणते, “उकळलेलं पानी मेलेलं लागते बाई, त्यात जराकसं जितं टाकलं.” दरवर्षी हेच.

यंदा मात्र गोकुळानं घरी येऊन पाण्याचा भोपळ्याचा तुंबा आढ्याला उंच बांधला, पोराला दिसू नये म्हणून. नवराबायको त्याच्यासमोर घोटभर पाणी पीत नव्हती. इतकं मनापासून तुझं कोणी ऐकलं नसेल. मी मीठ घातलेली भाताची पेज घेऊन गेले तर तिनं दारातच अडवलं. “डाक्टरसाहेबानं मना केलं ना बाई. तुमी पाजून राह्यल्या अन् लेकराले काई झालं त?” म्हटलं, डॉक्टरला मीच वाढवलंय. “वाढवला असन. पन शिकला त तोच ना?” कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला इंग्रजी शिकवलं, शिवण शिकवलं, ताठ बसायला शिकवलं. तशी ताठच पेजेचं भांडं घेऊन परत आले.

बुधवारी गोकुळाचा नवरा मनसाराम तलावावरून आला आणि ओलं जाळं ओसरीत टाकून आत गेला. पोचू रांगत गेला, जाळं तोंडात धरून चोखू लागला. गोकुळानं ते ओढून कुंपणावर फेकलं. पोर रडलं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. गुरुवारी दुपारी गेलं. वस्तीत आता म्हणतात, जाळ्याचं पाणी पोटात गेलं म्हणून मेलं.

तूही एवढाच होतास, चिमूरला. तुझी आई गेल्यानंतरचा पहिला पावसाळा. तुलाही अशीच हगवण लागली, आणि तुझ्या आजीनं पाणी बंद केलं. मी तुला गोठ्यात नेऊन पेज पाजायची, चमचा चमचा. ओकलास की थोडं थांबून पुन्हा. सांगायचं कधी कारण पडलं नाही. तुझ्या पुस्तकात पोटाची विश्रांती लिहिलीही असेल. लिहिणाऱ्यानं तो तुंबा पाहिलेला नाही. तुझ्या-आमच्यात एक नदी आहे, तुला डोंग्यात बसून येता येतं.

आज सकाळपासून मनसारामच्या भावाची, उमाजीची लेक कमळा हगवणीनं पडली आहे. तिथंही तुंबा आढ्याला गेला. उमाजी म्हणतो, “ज्यानं पानी बंद केलं, त्यानंच चालू करावं.” मी पुन्हा पेज चढवून बसले आहे, आणि डोंगा पलीकडून येईस्तोवर हे लिहिते आहे. पत्र आणतोय तो मनसाराम. स्वतःहून निघाला. तो काही बोलणार नाही. जाळं ओसरीत आपण टाकलं, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. तेव्हा तुझ्या हातानं लिही, सही कर, शिक्का मार, शिक्का सगळे ओळखतात. कमळाला पाणी पाजा, मीठ घालून पेज पाजा, थांबू नका. आणि खाली मनसारामसाठी एक ओळ, की पोचू जाळ्यामुळे गेला नाही. वाचून मी दाखवीन. शेवटचा डोंगा दिवेलागणीला सुटतो. स्वतः आलास तर तुझीही पेज करून ठेवीन, पण डोंगा सुटायच्या आत लेखी उत्तर मनसारामच्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच,
द्वारकामावशी