हार्ड डिस्कची जोडी

शिरपूर जैन, मंगळवार

चि. मुन्नास, तुझ्या दाजीचा मनापासून आशीर्वाद. तुझी प्रकृती, तुझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि वाशीमची वीज ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे ज्योत्स्नाचा गुडघा बरा आहे, सोयाबीन घरात आलं आहे, आणि आमचा कॉम्प्युटर सुरू आहे. (हे शेवटचं पुन्हा एकदा वाच.) फोनच केला असता, पण तुझ्या बहिणीचे कान तिखट आहेत, म्हणून हा कागद, वाशीमच्या एसटीवाल्याच्या हाती.

दिवाळीत तू सांगितलंस की हार्ड डिस्क करकर करते, म्हणजे ती आता जाणार. तेवढ्यावर थांबला असतास तर बरं होतं. पण भर पंगतीत म्हणालास, "दाजी, तुमी फक्त हात लावू नका." ते मला लागलं. त्या डिस्कमध्ये आमच्या साधनाच्या लग्नाची फिल्म आहे आणि तीत तुझे बाबा एका हाताने टोपी सांभाळत बँडपुढे नाचतात. लेक सासरी, बाबाही गेले, आता ज्योत्स्ना दुपारभर त्या पडद्यासमोर असते. सासरे माझ्याशी फारसे बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांनी मलाही हाताला धरून नाचायला ओढलं होतं. ते मलाही पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. म्हणून हे काम माझ्याच हातून व्हावं, असा हट्ट धरला.

नवी कोरी डिस्क वाशीमहूनच आणली (तुझं दुकान चुकवून, मागच्या गल्लीतून). ज्योत्स्नाने तिला हळदकुंकू लावलं. मी नको म्हणालो नाही, फक्त वायरी लागतात ती बाजू बाहीने पुसून घेतली. जुनी काढली, नवी बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली, की सुरू करायला डिस्कच सापडत नाही. आता डिस्क तर मी स्वतःच्या हाताने आत ठेवलेली. वायरी काढून पुन्हा लावल्या, प्लग बदलला, पेटीला दोन थापा दिल्या. शेजारचे भिवाजी (निवृत्त तलाठी, त्यांना सगळं कळतं) म्हणाले, पेटीचं तोंड पूर्वेला करा. केलं. ओळ तीच आली, फक्त पूर्वेकडून. ज्योत्स्ना काळ्या पडद्याकडे पाहत बसली.

मग गोठ्यात वैरण टाकताना डोक्यात उजेड पडला. नव्या गोऱ्ह्याला आपण कधी एकटं जुंपतो का? जाणत्या बैलासोबत जुंपतो. जाणता नांगराचं तास धरून सरळ चालतो आणि त्याच्या बरोबरीने हा शिकतो. तसाच घरात आलो, सीडी घालायच्या खणाच्या वायरी सोडवल्या, त्या जुन्या डिस्कला लावल्या आणि दोघींना एका पेटीत शेजारी शेजारी जुंपलं. बटण दाबताच कॉम्प्युटर सुरू झाला, फिल्म लागली, बाबा टोपी धरून नाचले. ज्योत्स्ना डोळे पुसत म्हणाली, "तुमाले जमलं, बाप्पा." आमच्या अख्ख्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. भिवाजींना चहा पाजून पुन्हा बंद-चालू करून दाखवलं. आता पुढच्या पंगतीत कोणी काय म्हणायचं, ते तू ठरव.

तुझा दाजी,
जगदेव

ता. क. एव्हाना नवी शिकली असेल म्हणून काल जुनी सोडून पाहिली. तीच काळी ओळ. लगेच परत जुंपली. नवीला शिकायला साधारण किती वेळ लागतो, ते सहज कळव. घाई नाही.

आणखी एक ता. क. घाई आहे. जुनी आता करकरत नाही, कण्हते. उद्याच ये आणि बाबांचं नाचणं वाचवायला जे काही लागत असेल ते घेऊन ये. मला भीती वाटते. मी बोलावलं असं मात्र म्हणू नकोस. ताईच्या गुडघ्याची चौकशी करायला आलो म्हण.

मुन्ना, मी ज्योत्स्ना. पाकिटाले डिंक लावाले हे माह्याजवळच देलं, म्हणून वाचलं. बाबा पडद्यावर नाचून राह्यले होते तवाच मी ते मोबाइलवर उतरवून घेतलं, काळजी करू नको. तुह्या दाजीले हे सांगू नको. तू ये, नवीचं काय करायचं ते कर, पण जुनीले आतच राहू दे. आन् जोडी मस्त जमली असं चार लोकाईसमोर म्हण. माहा गुडघा उद्या दुखन.