अर्धा नंबर

प्रिय सरदार बाळा,

सैन्याचे बूट शिवणारा आपला कारखाना बंद झाला. निरोपाला मोठे साहेब आले होते. आम्ही बेकार झालो म्हणजे देशाची केवढी सेवा झाली, हे त्यांनी इतकं छान समजावलं की दोघीतिघींना जवळजवळ पटलंच. समुद्रापलीकडच्या देशाने स्वतःचे पैसे घालून इथे बंदर बांधलं. बदल्यात आपण सैन्यासाठी तोफा त्यांच्याकडूनच घ्यायच्या. आणि तोफांच्या शेपटाला बांधलेले बूटही. याने मैत्री वाढते म्हणे. वाढो बापडी.

तुझा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा, थेट बाबांवर गेलेला. तू भरती झालास तेव्हा मी त्यातल्या त्यात निर्धास्त होते. जिचं पोर सैन्यात, तिनेच त्याचा जोड शिवायचा, अशी आमच्या खात्याची रीतच होती. मुकादम चिडवायचा, काय बाई, सरकारी चामड्यावर लेकाचे लाड चाललेत वाटतं! आणि मऊ तुकडा स्वतःच बाजूला काढून ठेवायचा.

मध्यंतरी पहिल्या काही तोफा विमानाने आल्या, तो सोहळा टीव्हीवर दाखवला. मंत्री एकमेकांचे हात सोडेनात. मागे तुमची तुकडी, नव्या परदेशी बुटांत. शेजारीण म्हणाली, किती रुबाबदार दिसतोय गं तुझा! दिसतच होतास. फक्त सगळा भार उजव्या पायावर होता. फोनवर म्हणालास, एकदम झकास बूट आहेत, आई. खोटं बोलताना तुझा आवाज अजून बारीक होतो रे.

आता खरी बातमी. मला नोकरी लागलीय, त्याच बंदरावर, खोकी उतरवून घ्यायची. पहिल्या जहाजात काय आहे म्हणतोस? बूट. उद्या उद्घाटन. आम्हाला निळे डगले दिलेत आणि टाळ्या कधी वाजवायच्या तेही शिकवलंय. मानवंदनेला तुमची तुकडी येणार, हे आज कळलं. म्हणून घाईघाईत लिहून ही पिशवी बंदराच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवतेय. मी पुढच्याच रांगेत असेन. माझ्याकडे बघू नकोस, राजा. तू बघितलंस तर तुझा पाय लंगडेल आणि माझे हात टाळ्या विसरतील. पिशवीत मी शिवलेला शेवटचा जोड आहे. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. पाहुणे गेले की घाल आणि फाटकापर्यंत ये. कवायतीसारखा नको. घरी यायचास ना, तसा.

तुझीच,
निळ्या डगल्यातली आई