मिठाच्या बर्फातल्या तिसऱ्या

आये, तू जाऊन आता इतकी वर्षं झालीत की तुझ्याशी भांडायला मी मोकळी आहे. तेव्हा ऐक, आणि मध्ये तोंड घालू नकोस. मी लग्न केलं नाही याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही.

तू मुंबईला आलीस तो दिवस. मालवणहून बोटीने आलीस, डोक्यावर पत्र्याचा डबा. मी कळवलं होतं, तिसऱ्या जिवंत हव्यात, शिंपले मिटलेले असताना ओल्या गोणपाटात पाठव, त्यांचे कल्ले तपासायचेत. पण बाजारात मासळी विकणाऱ्या तुला लेकीच्या कामाला गोणपाट कसं चालावं? प्रयोगशाळेच्या दारात डबा आदळून म्हणालीस, "तू बर्फाचा काम करतंस मां? म्हणान बर्फातच घालून हाडलंय. मीठ पण मारलंय. दगड झाले बघ!"

दगडच झाले होते. मी कपाळावर हात मारला. अगो, हळूहळू गोठलं की आतल्या पाण्याचे खडे होतात आणि पेशी फाटतात. आमचं गोठवणं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मग निर्वात पेटीत गार सुरीने कल्ल्याचा तो गोठलेला कण तोडायचा, वरचा थोडा बर्फ उडून जाऊ द्यायचा, उघड्या पडलेल्या भागावर प्लॅटिनम आणि कार्बनची वाफ बसवायची, मांस आम्लात विरघळवायचं. उरतो तो पातळ ठसा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पेशीचा पडदा असा दिसतो, की माझं तर भान हरपतं. आधीचा एक फोटो मी तुला दाखवला. तू तो उलटा धरलास.

"मांस जाळून नुसतो ठसो बघतंस? आणि हेच्यासाठी कट्टा गावचा स्थळ नको म्हणतंस?"

हो, ह्याच्यासाठीच! तेव्हा म्हटलं, आजही म्हणते. संध्याकाळी खोलीवर तू त्याच तिसऱ्यांचं सुकं केलंस. चिवट झालं होतं, तरी दोघींनी भांडत भांडत टोप पुसून खाल्ला.

सकाळी धक्क्यावर तू म्हणालीस, "चल घराक." मी मान हलवली. "मगे हयच बस गोठत," म्हणालीस आणि फळीवरून चढून गेलीस. मागे वळून बघितलंसुद्धा नाहीस.

त्याच पावसाळ्यात तू गेलीस. बोटी बंद, आंबोली घाटात एसटी अडकलेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बायका कुजबुजत होत्या, चेडवाच्या हट्टान खंगली. साफ खोटं! तू तापाने गेलीस. माझ्या हट्टाने मरणारी बाई तू नव्हतीस. तो हट्ट मी आणला कुठून, तुझ्याकडूनच ना? तिसऱ्या दिवशी मी परत कामावर होते. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून बरंच लिहिता आलं. आता घडी घालून ठेवते. पण एक सांगते, तुलाच. धक्क्यावर तू एकदाच "चल" म्हणालीस. आणखी एकदा म्हणाली असतीस, तर अंगावरच्या साडीनिशी मी बोटीत चढले असते.

म्हणाली नाहीस, ते फार बरं केलंस.